लाल टोपण

मेमो आधी टाईप झाला आणि चौकशी नंतर सुरू झाली. आमच्याकडे तोवर हीच रीत होती, त्यामुळे त्या सकाळी कुणाला त्यात वावगं काही वाटलं नाही. मलाही नाही.

झालं होतं ते असं. फिमेल मेडिकल वॉर्डातल्या ६२ वर्षांच्या एका आजींना रात्री १० वाजता ग्लार्जिन इन्सुलिनचे १८ युनिट द्यायचे होते. दिले, चार्टवर सही झाली. पहाटे पावणेचारला खाटेशेजारी चटईवर झोपलेल्या सुनेला जाग आली. सासूबाईंचं अंग घामाने ओलंचिंब, हाक मारली तर ओ नाही. सिस्टर धावत आल्या, बोटाला टोचून ग्लुकोमीटर लावला, आकडा आला ३४, म्हणजे साखर पार खाली गेलेली. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, जिना चढून येईपर्यंत त्यांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज तयार ठेवलं होतं. ते शिरेतून गेलं आणि थोड्या वेळाने आजींनी डोळे उघडून सुनेलाच विचारलं, "रडतीस कशाला?" ग्लार्जिनचा अंमल दिवसभर टिकतो, म्हणून पुढचा अख्खा दिवस आजी ग्लुकोजच्या सलाईनवर राहिल्या, आणि दर तासाला त्यांची बोटं टोचली गेली.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावचं हे १२० खाटांचं रुग्णालय. नाव सांगायचं कारण नाही. १४ वर्षं वॉर्डात काढल्यावर एनएबीएचच्या, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाच्या मान्यतेच्या, तयारीसाठी मला क्वालिटीच्या खुर्चीत बसवलं होतं. मूळ कारण विश्लेषण, ज्याला आम्ही सगळे आरसीए म्हणतो, त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलं होतं. तोवर माझ्या हातून तीन आरसीए झाले होते. कारणं मांडायचा इशिकावांचा माशाचा सांगाडा मी पट्टीने रेघा मारून काढला होता, एकामागून एक 'का' विचारत मुळाशी जायचे टोयोटावाल्यांचे पाच 'का' ओळीने लिहिले होते, आणि तिन्ही अहवालांचं शेवटचं वाक्य एकच होतं: 'संबंधित कर्मचाऱ्यास समज देऊन पुनर्प्रशिक्षण देण्यात आले.' फाईल बघणाऱ्याचं समाधान होत असे. वॉर्डात काय बदललं, हे कुणी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

त्या दिवशी वेगळं घडलं ते आमच्या एमएस, म्हणजे वैद्यकीय अधीक्षक, सरांमुळे. ते मूळचे भूलतज्ज्ञ. सगळ्या सिस्टर्सच्या प्रमुख असलेल्या मेट्रन मॅडमच्या टेबलावरचा मेमो त्यांनी वाचला. 'निष्काळजीपणे औषधाची मात्रा चुकवून' वगैरे. त्यांनी विचारलं, "मात्रा चुकली हे आपल्याला कसं कळलं?" मॅडम म्हणाल्या, "अहो सर, चौतीस साखर म्हणजे चुकलीच असणार." सर म्हणाले, "असेल. किती चुकली? कशी?" कुणालाच सांगता येईना. मेमोवरची सही तेवढ्यापुरती थांबली, आणि ७२ तासांच्या आत चौकशी सुरू करा असं मला सांगण्यात आलं.

पहिली चूक माझीच झाली. रात्रीच्या सिस्टरला मी माझ्या केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "सिरिंज नीट बघितली नव्हतीस का?" ती २३ वर्षांची पोर. रात्रभर जागलेली, डोळे सुजलेले. तिने माफीनामा लिहूनच आणला होता. तो पुढे सरकवून ती म्हणाली, "मॅडम, माझीच चूक आहे. परत होणार नाही." आता हा कागद घेऊन मी पुढे काय विचारणार? त्यात सगळ्या 'का'ची उत्तरं आधीच संपलेली होती.

सरांनी सुचवलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, या खेपेस वॉर्डातच, ड्रेसिंगच्या खोलीत, चहा घेऊन. मी एवढंच म्हटलं, "रात्री आठपासून काय काय झालं ते सांग. चूक कुठे झाली ते सांगू नकोस." मग ती बोलायला लागली. ती मुळात मुलांच्या वॉर्डातली. त्या रात्री एक सिस्टर रजेवर, म्हणून हिला रिलीव्हर पाठवलेलं. २६ पेशंट, दोघी जणी. साडेनऊला दुसरी एका पेशंटला घेऊन सीटी स्कॅनला गेली. ग्लार्जिनची कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिन टोचायच्या पेनात बसवायची औषधाची नळी, फ्रिजमध्ये होती, पण वॉर्डातल्या अशा दोन पेनांपैकी एक सापडेना आणि एक लॉक होईना. "मग मी संध्याकाळच्या सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, आपल्याकडे कार्ट्रिजमधूनच सिरिंजने काढतात. ट्रेमध्ये सिरिंजा आहेत."

ती सिरिंज घेतली, १८ च्या रेघेपर्यंत भरली, दिली.

ज्यांचा इन्सुलिनशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबायला हवं. आपल्या देशात इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट, किंवा १००. बऱ्याच देशांनी ४० केव्हाच बंद केलं. आपल्याकडे ते स्वस्त आणि रुळलेलं, म्हणून अजून घरोघरी आहे. सिरिंजाही दोन. चाळीसवालीचं टोपण लाल, शंभरवालीचं नारंगी. दोन्ही सारख्याच बारीक, दोन्ही एक मिलीलीटरच्या. फरक फक्त रेघांचा. आमच्याकडचं ग्लार्जिन शंभराच्या ताकदीचं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १८ च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत जातं ०.४५ मिलीलीटर. म्हणजे ४५ युनिट. अडीच पट. आजी रात्री दोन घासच जेवल्या होत्या, त्यात मूत्रपिंडं थोडी थकलेली.

पण हे झालं आमचं अनुमान. सिरिंज कुठली होती, हे तिला आठवत नव्हतं. वापरलेली सिरिंज पांढऱ्या डब्यात गेली होती आणि तो डबा सकाळीच बंद करून खाली पाठवलेला. प्रशिक्षणात सांगितलं होतं, घटना घडली की त्या जागेच्या वस्तू आधी राखून ठेवा. सांगितलं होतं खरं.

चौकशी तिथेच अडली असती. मी वॉर्डाच्या कठड्याशी उभी राहून ट्रे बघत होते. तिथे साफसफाईच्या मावशी लाल पिशवीला गाठ मारत होत्या. मी सहज विचारलं, "मावशी, हिच्यात इन्सुलिनच्या सिरिंजेची टोपणं येतात का हो?" मावशी म्हणाल्या, "येत्यात की. आधी नारंगी यायची. आता आठ-दहा दिस झालं, लालच येत्यात."

माझ्या पोटात गोळा आला. आठ-दहा दिवस.

मी तशीच रेकॉर्ड रूमला गेले आणि त्या वॉर्डाचे दहा दिवसांचे साखरेचे तक्ते काढले. ग्लार्जिनवर असलेल्या आणखी दोघींच्या पहाटेच्या साखरा खाली आलेल्या होत्या. एकीच्या केसपेपरवर शेरा होता, 'रात्री जेवण घेतले नाही.' दुसरीच्या कागदावर नुसता बाण, खालच्या दिशेने. दोघींना साखरपाणी देऊन वेळ निभावलेली. सिस्टर वेगळ्या, रात्री वेगळ्या. जिच्या नावाने मेमो टाईप झाला होता ती त्या दोन्ही रात्री मुलांच्या वॉर्डात होती.

सगळ्या सिस्टर्सना एकेक करून विचारायला सुरुवात केली तेव्हा कळलं, दोघींनी सिरिंजा बदलल्याचं पाहिलंच नव्हतं. एकीने पाहिलं होतं. ती सगळ्यात जुनी, हाताला जश असलेली. ती म्हणाली, "मी काय करते, लाल असली की हिशेब करते. अठरा सांगितलेत ना, मग सात आणि किंचित वर घ्यायचं." हिशेब चोख होता तिचा, १८ ला ०.४ ने गुणलं की ७.२. मी विचारलं, "कुणाला सांगितलं नाहीस?" ती माझ्याकडे बघत राहिली. वॉर्डात रोज असे पन्नास हिशेब मनातल्या मनात होतात. बीपीचा पट्टा सैल असतो, तो हाताने धरून बीपी घ्यायचं. सलाईनचा स्टँड कलतो, त्याला खाटेला बांधायचं. कोण कुणाला काय सांगणार? मी चौदा वर्षं तेच केलं. पण तिच्या त्या हुशारीमुळे तिच्या पाळीत कुणाची साखर उतरली नाही, आणि म्हणून वॉर्डात काही बिघडलंय याचा पत्ताही लागला नाही.

सिरिंजा बदलल्या कशा, हे शोधायला स्टोअरला गेले. तिथल्या भाऊंनी संगणकावर इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, उघडून दाखवला. वस्तूचं नाव: 'इन्सुलिन सिरिंज १ एमएल'. बस. त्या पंधरवड्यात पुरवठादाराकडे शंभरवाल्या संपल्या होत्या, त्याने चाळीसवाल्या पाठवल्या. बिल जुळलं, नग जुळले, माल वॉर्डात गेला. भाऊ म्हणाले, "मॅडम, एक एमएलच मागितली होती ना? ही एक एमएलचीच आहे." मी त्यांच्या टेबलावर दोन सिरिंजा ठेवल्या. लाल सिरिंजेत १८ च्या रेघेपर्यंत पाणी घेतलं, वाटीत सोडलं, ते सगळं नारंगी सिरिंजेने ओढून घेतलं आणि म्हटलं, वाचा. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, "पंचेचाळीस." मग बराच वेळ ते दोन्ही सिरिंजा हातात धरून बसले. अकरा वर्षं ते स्टोअर सांभाळत होते आणि त्या रेघांचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा कुणीतरी वस्तूंची यादी भराभर टाईप केली, तीच चालत आली होती.

रात्री दहाला मी आणि सर वॉर्डात जाऊन उभे राहिलो. पेशंट झोपावेत म्हणून निम्म्या ट्यूब बंद केलेल्या. फ्रिजशेजारच्या पिवळ्या बल्बखाली ट्रेतली लाल आणि नारंगी टोपणं शेजारी धरली. सर म्हणाले, "मला सांगता येत नाही." मलाही येत नव्हतं, आणि मी तर सांगता यावं म्हणूनच गेले होते.

एवढं झाल्यावर पाच 'का' सरळ जातील असं वाटलं होतं. सिरिंज का चुकली? ट्रेमध्ये चुकीची होती. का होती? स्टोअरने पाठवली. असं करत करत आम्ही सॉफ्टवेअरच्या यादीपाशी पोचलो आणि मी मनातून खूष होते. सरांनी फळ्यावर मध्येच दुसरा फाटा काढला: मुळात पेनाचं औषध सिरिंजने का काढतात?

पेन मिळत नाहीत म्हणून. ठीक. पण पेन नाही तर फार्मसीत मागायचं, थांबायचं, डॉक्टरांना विचारायचं. कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध ओढायचं, ही पद्धत या वॉर्डात आली कुठून? संध्याकाळच्या सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, मला अमकीने शिकवलं. अमकीला विचारलं. अशा तीन पायऱ्या उतरल्यावर चौथी सिस्टर थोडी अवघडली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर दाखवलं होतं."

खरं होतं ते. चार वर्षांपूर्वी मी त्याच वॉर्डाची इनचार्ज होते. पेनाच्या सुयांचा तुटवडा पडला होता, पेशंट खोळंबले होते, आणि मी ही युक्ती काढली होती. तेव्हा फ्रिजच्या दारावर माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'फक्त नारंगी टोपणाची सिरिंज.' पुढे मी वॉर्ड सोडला. मग फ्रिज बदलला. जुन्या फ्रिजबरोबर चिठ्ठी गेली, युक्ती राहिली.

त्या संध्याकाळी मी घरी कुणाशी धड बोलले नाही. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. अहवाल लिहिणारी मीच होते, आणि चौथी सिस्टर माझ्याविरुद्ध बोलणार नव्हती. सकाळी सरांना जाऊन सांगितलं. नियम मला पाठ होता: ज्याचा घटनेशी संबंध आहे त्याने चौकशीच्या टीममध्ये बसायचं नाही, त्याची मुलाखत घ्यायची. सरांनी माझ्या जागी आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरना नेमलं आणि मला दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसवलं.

त्या खुर्चीतून सगळं वेगळं दिसतं. त्यांनी विचारलं, "हे सुरू करताना तुम्ही कुणाला विचारलं होतं का?" प्रश्न साधा होता, आवाजही मऊ. तरी माझ्या तोंडून आधी सबब निघाली, मग "चूक झाली" निघालं. रात्रीच्या सिस्टरने माफीनामा का लिहून आणला होता ते तेव्हा समजलं. ते एकदा म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि आपली सुटका होते. इनचार्ज सिस्टर काही गप्प झाल्या नाहीत. "चुकीचं नंतर बघू. त्या आठवड्यात फार्मसीचं नेमकं काय झालं होतं?" त्यांनी पाऊण तास काढला माझ्याकडून. सुया तेव्हा का मिळत नव्हत्या याचं उत्तर त्यातूनच निघालं: पेन, सुया आणि कार्ट्रिज या तीन वस्तू तीन वेगवेगळ्या इंडेंटवर यायच्या. तिन्ही एका वेळी हजर असणं हाच योगायोग. चार वर्षांत ते बदललं नव्हतं.

दोन सह्यांचंही निघालं. इन्सुलिन धोक्याच्या औषधांत मोडतं, म्हणून देताना दोन सिस्टर्सनी तपासून सह्या करायच्या असा नियम. आजींच्या चार्टवर दोन्ही सह्या होत्या. दुसरी सही करणारी त्या वेळी सीटी स्कॅनच्या दाराशी उभी होती. एका आठवड्याचे चार्ट काढून बघितले तर दुसऱ्या सहीची शाई जागोजागी सकाळच्या हजेरीच्या पेनाची. कुणी लबाड नव्हतं. रात्री दोघींमध्ये २६ पेशंट असताना हा नियम पाळता येणार नाही, हे तो लिहिणारीलाही ठाऊक असायला हवं होतं. लिहिणारी कोण ते सांगायला नकोच.

उपायांच्या बैठकीत फळ्यावर नऊ गोष्टी आल्या. पोस्टर, परिपत्रक, पुनर्प्रशिक्षण, टोपणांच्या रंगांवर क्लास, आणखी एक सही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी उपायांची एक उतरंड केलेली आहे. माणसाने लक्षात ठेवावं, सावध राहावं यावर टेकलेले उपाय सगळ्यात दुबळे. चूक करताच येऊ नये अशी मांडणी सगळ्यात भक्कम. सरांनी दुबळ्यांखाली रेघ मारली तर नऊच्या नऊ रेघेच्या वर. मेट्रन मॅडम चिडल्या, "मग शिकवायचंच नाही का मुलींना?" शिकवायचं, सर म्हणाले, पण तेवढ्यावर झोपायचं नाही.

शेवटी ठरलं ते थोडकं होतं. चाळीसवाल्या सिरिंजा सगळ्या वॉर्डांतून काढल्या आणि साधं इन्सुलिनही शंभराच्याच ताकदीचं घ्यायचं ठरलं, म्हणजे गोंधळायला दुसरी वस्तूच उरू नये. स्टोअरच्या यादीत 'इन्सुलिन सिरिंज १००, नारंगी' असं नाव आलं. कार्ट्रिज, पेन, सुया एकाच पिशवीतून, पेशंटच्या नावाने, फार्मसीकडून येणार. खर्चावरून प्रशासनाशी दोन बैठका झाल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. या गडबडीत एक जास्तीची गोष्टही झाली: केसपेपरवर युनिटसाठी नुसतं 'यू' लिहायचं नाही असं डॉक्टरांना सांगितलं. आजींच्या घटनेशी त्याचा संबंध नव्हता, पण जुने कागद चाळताना '१०यू' हे दोन ठिकाणी सरळसरळ १०० वाचलं जात होतं.

आजींच्या घरच्यांना सर स्वतः भेटले, मी बरोबर होते. कायदेशीर सल्लागारांनी बोलू नका म्हणून सांगितलेलं. सरांनी लपवाछपवी न करता सांगितलं: औषध अडीच पट गेलं, आमच्याकडून गेलं, कसं गेलं ते असं. मुलगा शेतकरी, मोजकं बोलणारा. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "मग पहाटं विचारलं तवा 'साखर कमी झाली' एवढंच का सांगितलं?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि सरांनी तसं कबूलही केलं.

मेमो फाडला गेला नाही. मेट्रन मॅडमनी त्याच्या पाठीवर 'बजावला नाही' असं लिहून तो फाईलला लावला. त्यांच्या मानाने ते पुष्कळ होतं. ती पोर तीन महिन्यांनी पुण्याला गेली. पगार जास्त मिळाला म्हणाली. तेवढंच कारण असेल का, ते मी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात मावशींनी मला जिन्यात गाठलं. मुठीत काहीतरी होतं. "सिस्टर, ह्ये बगा. आज एक लाल आलंया." मी वॉर्डात धावले. मुंबईहून गावी आलेल्या एका बाईंनी घरून स्वतःचं इन्सुलिन आणलं होतं. व्हायल चाळीसची, सिरिंजही चाळीसची, मात्रा बरोबर. नवऱ्याने नेहमीसारखं टोचून दिलं होतं, सिस्टरला न सांगता. म्हणजे या खेपेस लाल टोपणच बरोबर होतं. आणि डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे आमच्या सिस्टरने रात्री नारंगी सिरिंजेने तिच्याच व्हायलमधून औषध काढलं असतं, तर मात्रा निम्म्याहूनही कमी गेली असती.

घरून आणलेल्या इन्सुलिनचा विचार आमच्या त्या सगळ्या बैठकांत कुणी केला नव्हता. मी ती व्हायल पिशवीत घालून त्यावर नाव लिहिलं, मावशींकडून टोपण मागून घेतलं आणि नवा फॉर्म काढला. वेळेच्या रकान्यात मावशींनी जिन्यात गाठल्याची वेळ लिहिली, आणि 'प्रथम कोणी कळवले' इथे पहिल्यांदाच हाऊसकीपिंग.